येस, शेठ

मुंबईहून इंदूरकडे निघालेली प्रत्येक चांगली गोष्ट धुळ्यावरून जाते आणि धुळ्यात फक्त चहा पिते, अशी प्रेमराजभाऊंची जुनी तक्रार होती. नाटक कंपन्यांच्या बसगाड्या, सर्कशीचे ट्रक, जीपमध्ये पेट्या कोंबून निघालेले कव्वाल, मांडीवर तंबोरा आडवा घेऊन बसलेले बुवा, सगळे महामार्गावरच्या हॉटेलात थांबत, शेवभाजी खात आणि गावाकडे पाठ करून पुढे जात. प्रेमराजभाऊंनी जन्मभर काय केलं असं मला कुणी विचारलं, तर मी म्हणेन, त्यांनी त्या गाड्या थांबवल्या.

आता ते थांबवत नाहीत. कारण म्हटलं तर एक शब्द आहे, आणि तोही इतका लहान की सांगताना हसू यावं. मला येत नाही.

आमची गाडीही त्यांनीच थांबवली होती. मी जळगावची. तरुणपणी एका फिरत्या नाटक कंपनीत होते आणि आम्ही इंदूरच्या प्रयोगाला निघालो होतो. धुळ्याबाहेर चहाला उतरलो, तर पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि कपाळाला केशराचा ठिपका असा एक सडपातळ तरुण आमच्या मालकांपुढे हात जोडून उभा. परत येताना एक प्रयोग आमच्यासाठी करा, म्हणाला. मालकांनी विचारलं, थिएटर कुठं आहे? तो म्हणाला, तुम्ही हो म्हणा, थिएटर मी करतो. परतीला पाहतो तर सरकी काढायच्या कारखान्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये फळ्यांचा मंच, दोन्ही बाजूंना विंगा म्हणून नव्या कोऱ्या साड्या टांगलेल्या आणि समोर सगळा बाजार जमिनीवर मांडी घालून बसलेला. इतक्या भारी विंगेतून मी आयुष्यात पुन्हा कधी मंचावर गेले नाही. प्रयोग संपल्यावर त्या साड्या घडी घालून परत त्यांच्या कापडाच्या दुकानात गेल्या. त्यातली एखादी पुढे कुणाच्या लग्नात नेसलीही गेली असेल.

दुकान आग्रा रोडवर. घराणं राजस्थानातून आलेलं, जैन, पिढ्यान्‌पिढ्या कापडाचं. वडील पन्नालालशेठ कडक होते, पण वाईट नव्हते. नाटक बघ, नाटकवाल्यांना जेवू घाल, फक्त तोंडाला रंग लावून मंचावर जायचं नाही, एवढंच त्यांनी मुलाकडून कबूल करून घेतलं. मुलानं ते वडिलांच्या पश्चातही पाळलं. सत्कारालासुद्धा प्रेमराजभाऊ मंचावर चढत नसत. नारळ, शाल जे काही द्यायचं ते खाली येऊन द्या, म्हणत. मग नाटकाशी त्यांचं नातं काय उरलं, तर घंटा. पितळेची घंटा विंगेत उभं राहून ते स्वतः वाजवायचे. तिसरी घंटा वेळेवर म्हणजे वेळेवर. पाहुणे यायचे असोत, पुढची रांग रिकामी असो, ते थांबत नसत. म्हणायचे, अक्का, आलेल्या माणसाला न आलेल्यासाठी ताटकळत ठेवू नये.

घरात ते मारवाडी बोलत, व्यापाऱ्यांशी हिंदी, माझ्याशी स्वच्छ मराठी आणि गिऱ्हाइकाशी खानदेशी. खेड्यातल्या बाया त्यांच्या गादीसमोर पाय पसरून बसत, लेकीसुनांची उणीदुणी काढत आणि खरेदी झाली की पिशवी उचलून म्हणत, "येस, शेठ." आपण निघताना "येते" म्हणतो, तेच हे. शेठ गजावरून नजर न काढता मान हलवत. दिवसभर दुकानात तो शब्द असा ये-जा करत असायचा की कुणाच्या कानाला त्याची जाणीवही नसे.

त्या बायांतल्या एक इंदिराबाई. पांझरा नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्या, भाजीच्या मळ्यात खपलेल्या, उंच, काळ्यासावळ्या. श्रावण लागला की कानबाईच्या कपड्यासाठी दुकानात हमखास येणार. श्रावणातल्या एका रविवारी आमच्या खानदेशात घरोघर कानबाई बसते. नारळाला नथ-डोळे लावून तिला नटवतात, रात्र जागवतात आणि सोमवारी सकाळी पाटावर ठेवून, डोक्यावर घेऊन नदीला नेतात. लहानपणी प्रेमराजभाऊंनी दुकानाच्या पायरीवरून एक मिरवणूक पाहिली होती. पुढे डफ, मागे बाया, आणि मधोमध डोक्यावर कानबाई घेतलेली एक नवी सून. ती नाचत होती, पण कमरेच्या वर काहीच हलत नव्हतं. पाट हातानं धरलेला नाही, मान ताठ, डोळे समोर, आणि लुगड्याखाली पावलं अशी बारीक झरझर चाललेली की ती चालत नसून पाण्यावरून कुणी तिला ओढून नेतंय असं वाटावं. ती सून म्हणजे इंदिराबाई. प्रेमराजभाऊंनी हे मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मीच पायरीवर उभी होते असं मला कधी कधी वाटतं.

एवढं पाहिल्यावर माणसानं त्या बाईंना सांगायला हवं होतं, की एकदा मंचावर या. त्यांनी ते कधी सांगितलं नाही. दर श्रावणात विचारायचं ठरवायचे. इंदिराबाई यायच्या, कापड हातात घेऊन ताणून बघायच्या आणि टोमणा मारायच्या, "माप नीट धरा शेठ. कपडा कानबाईना शे, मन्हा नई." कापड देवीचं आहे, माझं नाही. शेठ हसायचे, वीतभर कापड जास्त फाडायचे आणि विचारायचं राहून जायचं. पेढीवरच्या शेठनं दुसऱ्याच्या घरच्या बाईला "मंचावर नाचता का" असं विचारायचं, हे त्यांच्या जिभेवर येत नसे. त्या नाही म्हणाल्या तर पुढच्या श्रावणी दुसऱ्या दुकानात जातील, ही भीतीही असेल.

गेल्या हिवाळ्यात सर्बियातल्या नर्तकांचा एक छोटा संघ भारतात आला होता. मुंबईचे कार्यक्रम उरकून बसनं इंदूरला जायचे होते. म्हणजे धुळ्यावरून. प्रेमराजभाऊंना कुठून कळलं कोण जाणे, पण त्यांच्या सुनेनं, रुचीनं, इंग्रजीत फोनाफोनी केली आणि संघानं आमच्याकडे मुक्काम कबूल केला. रुची इंदूरची, एका शाळेत इंग्रजी शिकवणारी, सासऱ्याच्या वेडात उत्साहानं सामील होणारी मुलगी. मुलगा अर्हम दुकान बघत होता. तो एवढंच म्हणाला, की पापाजी, हा शेवटचा करा, डॉक्टरांनी धावपळ नको सांगितलीय. प्रेमराजभाऊंनी कबूल केलं. जळगावला एक कार्यक्रम, मग धुळ्यात एक कार्यशाळा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा प्रयोग, असं ठरलं. जळगावची बाजू त्यांनी माझ्यावर टाकली.

जळगावला सगळं थाटात झालं. पाहुण्यांना आम्ही केळीच्या पानावर भरीत-पुरी वाढली. मिरची जरा सांभाळून घातली होती, तरी त्यांच्यातला अकॉर्डियन वाजवणारा गृहस्थ डोळे पुसत जेवला आणि पुन्हा वाढा म्हणाला. त्यांचा नाच अगदी साधा होता. हातात हात धरून सगळे एका वर्तुळात फिरतात, वर्तुळ एका जागी उघडं असतं, आणि वाटेल त्यानं तिथून आत शिरायचं. त्याला ते कोलो म्हणतात. संघाची प्रमुख वेस्ना, पन्नाशीची, केस आखूड कापलेले, आवाज खर्जातला. तिची पावलं मी पाहतच राहिले. वर सगळं शांत, खाली झरझर. मी विंगेत पाहिलं. प्रेमराजभाऊ घंटा पोटाशी धरून उभे होते आणि त्यांना काय दिसत होतं ते मला सांगावं लागलं नाही.

पाहुण्यांनंतर आपल्या बाजूनं काहीतरी हवं म्हणून आम्ही कॉलेजच्या मुलींचा नाच ठेवला होता. मुली गोड होत्या, नऊवारी चापूनचोपून नेसल्या होत्या, गाणं रेकॉर्डवरचं. वेस्नानं मनापासून टाळ्या वाजवल्या. नंतर चहाच्या वेळी तिनं रुचीमार्फत विचारलं, की हे सिनेमातलं आहे ना? मुंबईतही आम्हाला हेच दाखवलं. मग तुम्ही इथले लोक स्वतः काय नाचता?

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण प्रेमराजभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. धुळ्याला परत जाताना गाडीत ते मला म्हणाले, "अक्का, बॅनरवर आपण देवाणघेवाण लिहिलंय. मी जन्मभर नुसतं घेत आलो. दिलं काय कुणाला?"

त्या गाडीतच त्यांनी ठरवलं, की शेवटच्या प्रयोगात इंदिराबाईंनी मंचावर यायचं. बाकी काही जमलं नाही तरी चालेल. पण निरोप गेला तो मोघम. दुकानातल्या माणसाकडून वस्तीतल्या बायांना सांगितलं, की उद्या शाळेच्या हॉलमध्ये परदेशी बाया नाच शिकवणार आहेत, सगळ्या या, इंदिराबाईंना मुद्दाम आणा. प्रयोगाचं काही सांगितलं नाही. आधी येऊ देत, मग बघू, म्हणाले.

इंदिराबाई आल्या. बरोबर शेजारच्या बायाही आल्या, हसत, एकमेकींना ढकलत. केस पांढरे झाले होते, पण मान तशीच ताठ. दारावरचं बॅनर त्यांनी एकीकडून वाचून घेतलं आणि मला विचारलं, "देवाणघेवाण म्हंजे? लगनमा व्हस ते?" लग्नातलं देणंघेणं नव्हे, हे समजावून सांगताना माझीच तारांबळ उडाली. नाचाचं नाव कोलो आहे हे कळल्यावर एकीनं, कोल्हं नाचतं तसं नाचायचं का, असं विचारलं आणि सगळ्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. वेस्नाला कशाचा विनोद झाला ते कळलं नाही, पण तीही हसली, आणि तिनं सरळ दोघींचे हात धरून वर्तुळ सुरू केलं.

त्या दुपारी मी जे पाहिलं ते लिहायला मला माझ्या सगळ्या भूमिकांतलं बोलणं अपुरं पडेल. थोडा वेळ फिरल्यावर बाया दमून भिंतीला टेकल्या. मग वेस्नानं खुणेनं विचारलं, तुमचं दाखवा. सगळ्यांनी इंदिराबाईंना पुढे ढकललं. त्या म्हणाल्या, "कानबाई मांडेल नई, मंग डोकावर काय लिसू?" श्रावण नाही, कानबाई नाही, डोक्यावर घेऊ काय? शाळेच्या माठाशेजारी पितळेचा तांब्या होता. तो काठोकाठ भरून त्यांनी डोक्यावर ठेवला, हात मोकळे सोडले आणि चालू लागल्या. एका बाईनं डफाऐवजी बाकावर ताल धरला. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. थेंब सांडला नाही. वेस्ना त्यांच्या शेजारी येऊन तीच पावलं टाकू लागली, मग उलटी फिरून तोंडासमोर तोंड करून मागे मागे जाऊ लागली. दोघी एकमेकींच्या पायांकडे बघत नव्हत्या, डोळ्यांकडे बघत होत्या. अकॉर्डियनवाला उठून उभा राहिला, पण त्यानं पेटीला हात लावला नाही.

प्रेमराजभाऊ दाराबाहेर होते. पाहुण्यांच्या चहाचं बघत होते असं ते सांगतात. मी त्यांना खिडकीतून डोकावताना पाहिलं होतं. आत या, आत्ताच विचारा, असं मी खुणावलं. त्यांनी हातानं दाखवलं, थांबा, नंतर.

नंतर काय झालं ते असं. बाया निघाल्या. इंदिराबाई पायरीवर बसून चपला घालत होत्या. वेस्ना धावत त्यांच्याकडे गेली. रुची त्या वेळी आत कप मोजून घेत होती, म्हणून मध्ये सांगणारं कुणी नव्हतं. वेस्नानं त्यांचे दोन्ही हात धरले, मंच दाखवल्यासारखे हात पसरले, स्वतःकडे बोट, त्यांच्याकडे बोट, उद्या म्हणून सूर्य मावळून उगवल्याची खूण, असं सगळं अंगानंच बोलून शेवटी इंग्रजीत विचारलं. इंदिराबाई प्रेमानं तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "येस. येस माय, येस." आणि रिक्षात बसल्या.

वेस्ना नाचतच आत आली. ती बाई येस म्हणाली, तीनदा म्हणाली, असं रुचीला सांगू लागली. रुचीनं बाहेर येऊन सासऱ्यांना सांगितलं, पापाजी, त्या येस म्हणाल्या, उद्या मंचावर येतात. प्रेमराजभाऊंनी डोळे मिटले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा चेहरा इतका उजळतो हे मी रंगभूमीवरच्या प्रकाशातही पाहिलं नव्हतं. जे विचारायला त्यांची जीभ इतकी वर्षं उचलली नव्हती, ते कुणीतरी परस्पर विचारलं होतं आणि उत्तरही आलं होतं. ते पडताळून बघावं असं त्यांच्या मनात कसं यावं? माझ्याही आलं नाही. मी तिथेच होते, कानानं ऐकलं होतं, आणि मीही खानदेशातच जन्मले.

दुसरा दिवस म्हणजे नुसती धांदल. कार्यक्रमाचा क्रम बदलला. शेवटी सगळ्यांचं कोलो, वर्तुळाच्या उघड्या जागेतून डोक्यावर कलश घेतलेल्या इंदिराबाई आत येणार, असं वेस्नानं बसवलं. डफवाले बोलावले. दुकानातून एक हिरवं, लाल काठाचं लुगडं प्रेमराजभाऊंनी स्वतः निवडलं आणि ग्रीनरूममध्ये आरशासमोर ठेवलं. कुणाकुणाला फोन करून सांगितलं, की आज या, आज आपलं माणूस आहे. मी म्हटलं, इंदिराबाईंना आणायला गाडी पाठवायची का? ते म्हणाले, त्यांना कशाला अवघडल्यासारखं करायचं, त्या त्यांच्या बायांबरोबर रुबाबात येतील.

नाट्यगृह भरलं. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. ग्रीनरूममध्ये लुगड्याची घडी तशीच. प्रेमराजभाऊ विंगेत घंटा हातात घेऊन उभे होते आणि त्यांची नजर मागच्या दाराकडे होती. तिसऱ्या घंटेची वेळ झाली. ती टळली. प्रेक्षकांत चुळबुळ सुरू झाली. पंखे गरगरत होते, कुणीतरी शिट्टी मारली. मी जवळ जाऊन म्हणाले, "भाऊ, घंटा."

"येतील, अक्का. हो म्हणाल्यात."

तेव्हा कुठं त्यांनी वस्तीत माणूस पाठवला. तो परत आला आणि दारातच उभा राहिला. इंदिराबाईंच्या घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, त्या सकाळच्या एसटीनं पाचोऱ्याला लेकीकडे गेल्या. जायचं आधीच ठरलं होतं, सगळ्या वस्तीला माहीत होतं.

प्रेमराजभाऊंनी घंटा वाजवली. आवाज नीट उमटला नाही, लोलक हातातच राहिल्यासारखा.

कार्यक्रम चांगला झाला. लोक खूश झाले. शेवटी कोलोचं वर्तुळ आलं, डफ वाजला, आणि वेस्नानं इंदिराबाईंसाठी सोडलेली जागा तशीच ठेवली. तिला त्या आल्या नाहीत हे कळलं होतं, पण वर्तुळ तिनं जोडून घेतलं नाही. ती मोकळी जागा मंचावर फिरत राहिली. एकदा ती बरोबर आमच्या विंगेसमोर आली. वेस्नानं प्रेमराजभाऊंकडे पाहिलं आणि हात पुढे केला. दोन पावलांवर तो हात होता. मी त्यांच्या पाठीला हलकेच हात लावला. त्यांनी मान हलवली, वडिलांना दिलेला शब्द त्यांना आठवला असेल किंवा ती जागा आपली नाही असं वाटलं असेल, आणि वर्तुळ पुढे सरकलं.

सकाळी संघाची बस इंदूरला निघून गेली. जाताना वेस्ना पुन्हा पुन्हा रुचीला विचारत होती, मी काही चुकीचं बोलले का, तिला राग आला का. प्रेमराजभाऊंनी तिला नमस्कार केला. मनात त्यांनी इंदिराबाईंवर थोडा राग धरला होता. येत नाही म्हणायचं होतं, हो कशाला म्हणायचं, असं ते मला म्हणाले. मी जळगावच्या गाडीपर्यंत वेळ काढायला दुकानात बसले होते. सकाळचं पहिलंच गिऱ्हाईक, कुणी ओळखपाळख नसलेली बाई, लेकीला झबल्याचं कापड घेऊन उठली, पिशवी काखेत मारली आणि म्हणाली, "येस, शेठ."

प्रेमराजभाऊंनी सवयीनं मान हलवली. मग ती मान तशीच थांबली. हातातला गज खाली पडून पायरीपर्यंत घरंगळत गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला एकदम कळलं. इंदिराबाईंनी हो म्हटलंच नव्हतं. वेस्ना काय विचारत होती ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी आपल्या भाषेत निरोप घेतला होता. येते गं माय, येते.

"अक्का," ते म्हणाले, "या शब्दावर माझं दुकान चाललं. आणि एकदाच तो मला इंग्रजीत ऐकू आला."

पुढच्या महिन्यात मी पाचोऱ्याला गेले. जळगावहून गाडी आहे, लांब नाही. प्रेमराजभाऊंनी मला पाठवलं नव्हतं, पण माझ्यानं राहवेना. इंदिराबाई लेकीच्या ओट्यावर पणतूला मांडीवर घेऊन तेल लावत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. भरलेलं नाट्यगृह, अडलेली घंटा, मोकळी ठेवलेली जागा. आधी त्या खूप हसल्या, लेकीला हाक मारून पुन्हा सांगायला लावलं. मग हिरव्या लुगड्याचं ऐकलं आणि हसू ओसरलं. तेलाचा हात पणतूच्या पाठीवर तसाच राहिला.

"शेठनी माले इचारंच नई," त्या म्हणाल्या. "इचारं असतं ते मी दुसरा दिन येती. पाचोरा काय पयी जाई ऱ्हायनं व्हतं?"

पाचोरा काही पळून जात नव्हतं, एक दिवस थांबले असते, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, भाऊंना वाटायचं तुम्ही नाही म्हणाल. इंदिराबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की एवढं शिकून, एवढी नाटकं करून तुम्हाला हे कळू नये. मग त्यांनी सांगितलं, की त्या नवीन सून म्हणून पहिल्यांदा कानबाई घेऊन निघाल्या, तेव्हा आग्रा रोडवर एका दुकानाच्या पायरीवर एक पोरगा तोंड उघडं टाकून बघत उभा होता. पाट पडेल म्हणून मान वळवता येईना, पण डोळ्याच्या कडेनं दिसला. तोच पुढे शेठ झाला. दर श्रावणात मी त्याच्याच दुकानात का जात होते, असं त्यांनी मला विचारलं. दुसरीकडे कापड स्वस्त मिळायचं.

हे मी प्रेमराजभाऊंना सांगितलं नाही. सांगावं की नाही, अजून ठरत नाही. चांगली बातमीसुद्धा उशिरा आली की माणसाला लागते.

संघ पाठवू का, अशी एक-दोन ठिकाणांहून नंतर विचारणा झाली. राजस्थानी कठपुतळीवाले होते, एक ओडिशाचा नृत्यसंघ होता, सगळे महामार्गानंच जाणारे. प्रेमराजभाऊंनी नम्रपणे नाही कळवलं. अर्हमला वाटलं, डॉक्टरांचं ऐकलं. घंटा त्यांनी शाळेला देऊन टाकली.

यंदाच्या श्रावणात मी धुळ्याला होते आणि दुकानात टेकले होते. इंदिराबाई आल्या. त्यांनी कापड ताणून पाहिलं आणि माप नीट धरायला सांगितलं, नेहमीसारखं. शेठनी वीतभर जास्त फाडलं. मग त्यांनी कात्री बाजूला ठेवली. मी श्वास रोखला, जसा पडदा वर जाताना रोखायचे.

"इंदिराबाई, एक इचारू?"

"इचारा ना."

"आमना मंचवर याल का नाचाले? एकदाव."

किती साधं वाक्य होतं. इंदिराबाईंनी गुडघ्यावर हात ठेवला, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते नाही म्हणणाऱ्या माणसाचं नव्हतं.

"आते, शेठ? आते गुडघा धरस. यंदा कानबाई सून लेस डोकावर."

प्रेमराजभाऊंनी मान डोलावली. बसल्या जागेवरूनच गादीमागच्या कपाटातून ते हिरवं, लाल काठाचं लुगडं काढलं. घडी मोडलेली नव्हती. कानबाई जी घेईल तिच्यासाठी, म्हणून त्यांच्यापुढे ठेवलं. इंदिराबाईंनी पोत बोटांत धरून पाहिला, काठ पाहिला, आणि हा तर आपल्याच अंगावर उठणारा रंग आहे, असं पुटपुटल्या. मग लुगडं पिशवीत घातलं, पिशवी काखेत मारून, भिंतीचा आधार घेत त्या बेतानं उठल्या. पायरी उतरायला मी हात दिला.

"येस, शेठ."

प्रेमराजभाऊ गादीवरून उठले. त्यांना मी गिऱ्हाइकासाठी उठताना कधी पाहिलं नव्हतं. अनवाणी पायरीवर आले, जिथून लहानपणी पाहिलं होतं तिथंच उभे राहिले.

"या," ते म्हणाले.

इंदिराबाई रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. एक पाय जरा ओढत होत्या. मान मात्र ताठ होती.